गाभाऱ्यातला उजेड: कलमेश्वराच्या देवळात प्रकाशवाहक फायबरची पट्टी कुठे चालली, कुठे नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातले गाव. कलमेश्वराचे जुने देऊळ: बाहेरच्या भिंती जांभ्याच्या, गाभारा काळ्या दगडाचा, पुढे अंतराळ (गाभारा आणि सभामंडप यांच्यामधली लहान जागा), त्यापुढे कौलारू सभामंडप. गाभारा लहानसा, दार पाच फूट उंच, खिडकी नाही. लिंगावर गळतीची संततधार, सोमवारी पंचामृत, श्रावणात दिवसभर घागरीने पाणी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दगड स्वतःच घामेजलेला असतो. अशा जागेत वीज न्यायची की नाही, आणि न्यायची तर कुठपर्यंत, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. सजावटीचा प्रश्न त्यानंतरचा.

आधी तिथे साधी एलईडी पट्टी होती. लिंगामागच्या भिंतीत दगडी महिरप आहे, तिच्या कडेने १२ व्होल्टची, वरून सिलिकॉनचा थर असलेली पट्टी डबल टेपने चिकटवलेली. पहिल्याच पावसाळ्यात टेप सुटली. मग पट्टीचे तीन-तीन दिवे मधूनच विझू लागले. १२ व्होल्टच्या पट्टीत साधारणपणे तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असा एकेक गट असतो, म्हणून एक सांधा गेला की तिघे एकदम जातात. सिलिकॉनचा थर वरून पाणी अडवतो, पण जिथे कापून वायर जोडली तिथे तो नसतो. दूध, दही, मध मिसळलेले पाणी त्या उघड्या सांध्यात शिरले आणि तांब्याला हिरवी कीट चढली.

याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. गुरवाला एक-दोन वेळा हाताला झिणझिण्या आल्या. १२ व्होल्टने शॉक बसत नाही, पण पट्टीचा अ‍ॅडॅप्टर गाभाऱ्यातल्याच कोनाड्यात, एक्स्टेन्शन बोर्डवर ठेवला होता. त्याच्या मागे २३० व्होल्ट. बोर्ड ओला, अर्थिंग नावापुरते, गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी नाहीच. पट्टी कितीही चांगली घेतली असती तरी हा धोका तसाच राहिला असता.

पंचांची मागणी

देवस्की पंचांनी यात्रेच्या आधी चार कामे सांगितली. महिरपीला अखंड उजळ रेघ, गाभाऱ्याच्या दगडी चौकटीला तशीच रेघ, अंतराळाच्या छतात चांदण्या, आणि सभामंडपाच्या पुढच्या साठ फूट वळचणीला रात्री लांबून दिसेल अशी रोषणाई. एका पंचाचे म्हणणे होते, "सगळंच फायबरनं करूया, शॉकची भीती नाही आणि बिलही नाही." यातला पहिला अर्धा भाग फायबरपुरता खरा आहे. दुसरा बराचसा गैरसमज आहे, आणि चारही कामे फायबरने होणार नव्हती.

फायबरच्या पट्टीत वीज नसते. आत अ‍ॅक्रिलिक जातीच्या पारदर्शक प्लास्टिकचा गाभा असतो. बारीक धाग्यांत त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.४९ आणि भोवतालच्या आवरणाचा सुमारे १.४० असतो. या फरकामुळे आत शिरलेला उजेड कडेवर आपटून पुन्हा आतच वळतो. १८४०च्या दशकात जिनिव्हात कोलाडोन यांनी पाण्याच्या वाकत्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला, तो हाच नियम. एका टोकाला इल्युमिनेटर, म्हणजे एलईडी, भिंग आणि पंखा असलेली पेटी, एवढाच विजेचा भाग. 'एंड ग्लो' धाग्यात उजेड फक्त दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. 'साइड ग्लो' दोरीत तो मुद्दाम कडेने थोडा थोडा गळू दिलेला असतो. सजावटीची अखंड रेघ दिसते ती या गळतीमुळेच, आणि साइड ग्लोची सगळी मर्यादाही तिथेच आहे: जो उजेड इथे दिसला तो पुढे जाणार नाही.

बाजारात फायबर म्हणून पुष्कळदा एलईडी निऑन फ्लेक्स, म्हणजे दुधाळ लवचिक नळीत बसवलेली एलईडी पट्टी, हातात पडते. टोक बघावे. कापलेल्या टोकात तांब्याच्या तारा किंवा पट्टी दिसली तर ते फायबर नाही, ओल्या गाभाऱ्यात ते चालणार नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या फटीत बसवायची कडेला पाकळी असलेली बारीक पट्टी मात्र पुष्कळदा खरोखर फायबर असते. पण तिच्या टोकाचा दिवा एक-दोन वॉटचा असल्याने ती हातभर अंतरावरून पाहण्यासाठीच ठीक.

खरेदीआधीची चाचणी

पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लोहार चाळीतून पूर्ण माल आणण्याआधी ८ मिलिमीटर गाभ्याची साइड ग्लो दोरी सहा मीटर एवढीच नमुन्याला आणली आणि जागेवरच लावून पाहिली. अशी चाचणी प्रत्येकाने करावी, कारण दुकानात दिवे मालवून दाखवलेली दोरी आणि देवळातली दोरी यांत फार फरक पडतो. संध्याकाळी, फक्त समई तेवत असताना, रेघ सुंदर उठून दिसली. अंतराळातली २० वॉटची एलईडी ट्यूब लावताच ती जवळजवळ पुसली गेली. दुपारी बारा वाजता दारातून येणाऱ्या उजेडात दोरी फक्त पांढरट नळीसारखी दिसत होती. फायबरची रेघ डोळ्यांना सुखावते, पण तिच्या उजेडात पोथी वाचता येत नाही. पंचांना हे शब्दांत सांगण्यापेक्षा ट्यूबचे बटण दोनदा दाबून दाखवले की पटते.

त्याच तुकड्यावर मोबाइलच्या लक्समापक अ‍ॅपने दर मीटरला नोंद घेतली. अशा अ‍ॅपचा आकडा विश्वासाचा नसतो, पण दोन आकड्यांचे गुणोत्तर कामाला येते. या दोरीत उजेड दर चार मीटरला निम्मा होत होता. प्रत्येक कंपनीच्या दोरीत हे अंतर वेगळे निघते, म्हणून आपल्या दोरीचे आपणच मोजावे. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा राहिला.

महिरप: हिशेब आणि बांधणी

महिरपीची कमान ९० सेंटिमीटर रुंद. वरचा अर्धगोल १.४ मीटर आणि दोन्ही बाजूंचे पाय प्रत्येकी ६० सेंटिमीटर, म्हणजे दिसणारी रेघ २.६ मीटर. इल्युमिनेटर गाभाऱ्यात ठेवायचा नाही हे ठरलेलेच होते. दोन फूट जाड दगडी भिंतीला भोक पाडायला पंचांची तयारी नव्हती, आणि ते बरोबरच होते. दाराच्या वर हवेसाठी जुना झरोका आहे. त्यातून दोरी नेली तर अंतराळाच्या छतावरच्या पेटीपासून महिरपीच्या पायापर्यंत तीन मीटर लागतात.

एकाच टोकातून उजेड सोडला असता तर रेघेच्या सुरुवातीला मूळच्या ५९ टक्के आणि शेवटाला, ५.६ मीटरवर, ३८ टक्के. कमानीचा एक पाय उजळ आणि दुसरा मलूल, आणि महिरपीसारख्या सममित आकारात असा फरक लगेच डोळ्यांत खुपतो. म्हणून दोरी महिरपीवरून फिरवून दुसरे टोकही त्याच इल्युमिनेटरमध्ये परत आणले. एकूण लांबी ८.६ मीटर. आता दोन्ही बाजूंनी येणाऱ्या उजेडाची बेरीज होते: पायाशी ५९ अधिक ३८, म्हणजे ९७, आणि कमानीच्या माथ्यावर ४७.५ अधिक ४७.५, म्हणजे ९५. हा फरक डोळ्याला कळत नाही. दोरी तीन मीटर जास्त लागते, पण साइड ग्लोच्या कामात याहून चांगला उपयोग त्या तीन मीटरचा दुसरा नाही.

येण्या-जाण्याच्या तीन-तीन मीटरमध्येही दोरी उजळतेच. ती काळ्या नळीत घातली तरी तो उजेड वाचत नाही, फक्त झाकला जातो. त्यामुळे इल्युमिनेटर जितका जवळ तितके चांगले. या भागासाठी २५ मिलिमीटरचा पीव्हीसी कंड्युट वापरला. त्यात एल्बो चालत नाही, लांब बेंडच हवा. अशा दोरीची वाकण्याची किमान त्रिज्या व्यासाच्या आठपट धरावी, म्हणजे इथे ६४ मिलिमीटर. त्याहून घट्ट वाकवली तर बाहेरच्या वळणावर उजेड भसकन बाहेर पडतो, तिथे झगझगीत ठिपका दिसतो आणि पुढची रेघ मंदावते. महिरपीच्या पायाशी कोरलेल्या मकरांच्या शेपटीची वेलांटी दोरीने तशीच काढावी असा आग्रह होता. तिची त्रिज्या जेमतेम २० मिलिमीटर, म्हणून तो सोडावा लागला. मकर अंधारातच राहिले, आणि रेघेच्या टोकाशी ते सावलीत अधिकच ठसठशीत दिसतात.

दगडाला एकही नवे भोक न पाडता दोरी धरायची होती. बेळगावच्या उद्यमबागेत पट्टी रोलिंग करणारे फॅब्रिकेटर आहेत, तिथून २५ बाय ३ मिलिमीटरची पितळी पट्टी कमानीच्या मापाने वाकवून आणली. जुन्या दिव्यांच्या आकड्यांसाठी दगडात असलेल्या भोकांतच ती टेकवली. पट्टीच्या दर्शनी बाजूला पांढरा रंग दिला, कारण दोरीतून मागे फेकला जाणारा उजेड परत पुढे आला पाहिजे. दर २५ ते ३० सेंटिमीटरला पारदर्शक क्लिप. क्लिप दोरीला आवळणारी नको, तिच्यात दोरी सरकली पाहिजे. अ‍ॅक्रिलिक एका अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ०.०७ मिलिमीटर वाढते. एप्रिलची दुपार आणि डिसेंबरची पहाट यांत २० अंशांचा फरक धरला तर ८.६ मीटरला १२ मिलिमीटर होतात. हे कुठेतरी जिरले पाहिजेत, म्हणून पेटीजवळ दोन्ही बाजूंना एकेक सैल वळसा ठेवायचा.

टोके

फायबरच्या कामात निम्मे अपयश टोकातले असते. गुळगुळीत सपाट टोकावरही सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो, तो टाळता येत नाही. पण करवतीने कापलेल्या खरखरीत टोकावर त्याहून कितीतरी जास्त वाया जातो. जाड दोरी धारदार कटरने एकाच दाबात, काटकोनात कापावी. मागे-पुढे करत कापली की चरे पडतात. मग सपाट काचेवर पाणी घालून ४००, ६००, १००० आणि शेवटी २००० नंबरचा पॉलिशपेपर. दोरी उभी धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची, म्हणजे एक बाजू तिरपी झिजत नाही. टोकात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब स्वच्छ दिसले की झाले. त्यानंतर बोट लावायचे नाही.

फेरूलमध्ये, म्हणजे इल्युमिनेटरच्या तोंडाशी बसणाऱ्या धातूच्या नळीत, बाहेरचे पारदर्शक आवरण ४० मिलिमीटर सोलून गाभाच घालायचा. फेरूलचे तोंड २० मिलिमीटर व्यासाचे, क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. दोरीची दोन टोके मिळून १०० चौरस मिलिमीटर. म्हणजे तोंडावर पडणाऱ्या उजेडातला सुमारे एक तृतीयांशच दोरीत जातो. उरलेल्या जागेचा उपयोग गणेशपट्टीसाठी (दारावरच्या गणपतीच्या पट्टीसाठी) आणि चांदण्यांसाठी केला.

सुपर ग्लू कुठेही वापरू नये. त्याच्या वाफेने अ‍ॅक्रिलिक पांढरट होते आणि ताणलेल्या भागात केसासारख्या भेगा पडतात. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल आणि स्पिरिटचेही तेच. पकडीसाठी आंबूस वास न येणारे न्यूट्रल सिलिकॉन घ्यावे.

पेटी आणि वीज

इल्युमिनेटर १६ वॉटचा, १२ व्होल्टवर चालणारा. रंग बदलणारा रिमोटवालाही त्याच आकारात मिळतो, पण इथे ३००० केल्व्हिनचा एकरंगी उबदार पांढरा निवडला. एक कारण सौंदर्याचे: समईच्या ज्योतीशेजारी निळा-जांभळा फिरता रंग परका वाटतो, आणि गाभाऱ्यात तो असूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरे कारण प्रकाशाचे. अ‍ॅक्रिलिक हिरव्या भागातला उजेड कमी शोषते, पण ६२५ नॅनोमीटरच्या आसपास त्याचे शोषण वाढते, आणि नेमके तिथेच नेहमीच्या लाल एलईडीचा रंग येतो. म्हणून तीन रंग मिसळून केलेला पांढरा रंग लांब दोरीच्या टोकाला हिरवट दिसू लागतो.

पेटी अंतराळाच्या छतावर, नऊ फूट उंचीवर, दोन बाजूंनी जाळी असलेल्या लाकडी खोक्यात ठेवली. तिच्यासाठी वेगळा ६ अँपियरचा एमसीबी (जादा प्रवाह आला की वीज तोडणारा), ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, नवी अर्थिंग आणि वळवाच्या विजांसाठी सर्ज अरेस्टर. वीज गेली तरी आरतीला रेघ राहावी म्हणून १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी आणि चार्जर. ८४ वॉट-अवरमधून १६ वॉटचा दिवा जुनी-नवी बॅटरी धरून तीनेक तास चालतो. रोज दहा तास लावला तर वर्षाला सुमारे ५८ युनिट. बिल येतेच, फक्त लहान येते.

चौकट, चांदण्या, वळचण

चौकटीवर फायबर लावले नाही. तिच्या काटकोनात ८ मिलिमीटरची दोरी गोल होते आणि दगडी कोरीवकाम झाकते. शिवाय प्रत्येक भक्ताचा हात तिथे पडतो, हळद-कुंकू आणि तेल लागते. त्याऐवजी वरच्या गणेशपट्टीवर ३ मिलिमीटरचे पाच एंड ग्लो धागे छतातून रोखले. धाग्याच्या टोकाशी जाणवण्याइतकी उष्णता नसते, त्यामुळे गणपतीच्या जुन्या रंगाला धक्का नाही. पाच मंद कवडशांनी मूर्ती अशी उठली की चौकटीची मागणी पुन्हा कुणी काढली नाही.

चांदण्या सोप्या. अंतराळाला आधीच प्लायवूडचे छत होते. एक मिलिमीटरच्या ड्रिलने ७५ भोके, मुद्दाम विषम अंतरावर, आणि ०.७५ मिलिमीटरचे ७५ धागे. मागून न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब, खाली दोन इंच सोडून शेवटी सगळे एकदम छाटले. ट्यूब चालू असताना मात्र त्या दिसत नाहीत, हे आधीच सांगून ठेवावे.

वळचणीला मात्र फायबर साफ नाकारले. साठ फूट म्हणजे १८ मीटर. दर चार मीटरला निम्मा होणारा उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ४ टक्के उरतो. दोन्ही टोकांना इल्युमिनेटर लावले तरी मध्ये टोकांच्या ४० टक्केच, आणि मधोमध तर देवळाचे दार. वर रस्त्यावरचा दिवा आणि यात्रेतले हॅलोजन. शिवाय आठ महिने ऊन, चार महिने पाऊस आणि शेवाळ. तिथे २४ व्होल्टची, आयपी ६७ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी, एलईडी निऑन फ्लेक्स घेतली, मीटरला ९.६ वॉट. नऊ-नऊ मीटरचे दोन भाग, दोन्हींना मधून पुरवठा, प्रत्येक भागाला ८६ वॉटसाठी १२० वॉटचा ड्रायव्हर. ड्रायव्हर पाऊस न पोचणाऱ्या आतल्या भिंतीवर. जिथे दुरून दिसायचे आणि हात पोचत नाही, तिथे एलईडीच घ्यावी.

पहिल्या पावसाळ्यानंतर

गणेशोत्सवाच्या सुमारास गुरवाने कळवले की महिरपीची डावी बाजू मंद झाली. फेरूल उघडल्यावर कारण दिसले: एक टोक तीन मिलिमीटर आत सरकले होते. नवी दोरी पहिल्या वर्षी थोडी आखडते, आणि त्या बाजूचा सैल वळसा कुणीतरी नीटनेटकेपणासाठी ताणून बांधला होता. बांधणी सोडून, टोक पुन्हा पॉलिश करून बसवले की दोन्ही बाजू सारख्या झाल्या. वर्षाअखेर फेरूल उघडून पाहणे हे कामातच धरावे.

दुसरी तक्रार सगळीच रेघ पिवळट झाल्याची होती. ते कापूर आणि तेलवातीचे काजळ. दोरीच्या आवरणावर तेलकट थर बसतो आणि उजेड बाहेर येताना अडतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडके, मग साध्या पाण्याचा हात. महिन्यातून एकदा पुरे, श्रावणात दोनदा. दोरीवर पाणी पडले तरी हरकत नाही, फायबरचा खरा फायदा तोच आहे.

छतावर कंड्युट न पोचलेल्या वीतभर भागात उंदराने दोरी कुरतडली. एलईडीची वायर असती तर शॉर्ट झाला असता. इथे दाताच्या खुणेतून उजेडाचा ठिपका गळू लागला एवढेच. तो भाग नंतर नळीत घेतला.

भरून न निघणारे नुकसान एकच झाले. सभामंडपाला रंग देणाऱ्याने दोरीवर उडालेला ऑइलपेंट थिनरच्या फडक्याने पुसला. ते वीतभर दुधाळ झाले, उजेड तिथेच फुटून बाहेर पडतो आणि पुढचा भाग फिका दिसतो. मध्ये तुकडा जोडता येतो, पण प्रत्येक सांध्यात उजेड घटतो आणि सांधा डोळ्यांना दिसतो. सुदैवाने ही जागा झरोक्याजवळ, दर्शनी रेघेच्या आधी होती, आणि दुसऱ्या टोकाकडून येणारा उजेड शाबूत असल्याने महिरप अजून चालते. दिसणाऱ्या भागात हे झाले असते तर पूर्ण ८.६ मीटर दोरी बदलावी लागली असती. एलईडी पट्टीत बिघडलेला गट कापून नवा जोडता येतो, फायबरमध्ये खूण न राहता ते जमत नाही. निवड करताना हा फरक किमतीइतकाच महत्त्वाचा.

उष्णतेचे बंधन गुरवाला वेगळे समजावून दिले. अ‍ॅक्रिलिक ७० अंशांच्या वर मऊ पडू लागते. समई दोरीपासून बाजूला दीड फूट, आणि ज्योतीच्या सरळ वर दोरी येता कामा नये. कापूरआरती महिरपीपाशी नेऊन ओवाळायची सवय होती, ती आता लिंगासमोरच थांबते. इल्युमिनेटरच्या पंख्यात उदबत्तीच्या धुराची काजळी जमते, दर सहा महिन्यांनी ब्रशने साफ करावी. पंखा अडकला की एलईडी तापतो आणि हळूहळू मंदावतो, मग दोष दोरीला दिला जातो. पेटीशेजारी एक जादा पंखा, एक अ‍ॅडॅप्टर आणि २००० नंबरच्या पॉलिशपेपरचे दोन तुकडे प्लास्टिकच्या डब्यात ठेवले आहेत. ट्यूबचे बटण आरतीच्या वेळी बंद करायचे, हे त्याच डब्याच्या झाकणावर लिहून ठेवले आहे.